ओनोरे देस्तिएन दोर्व : नौदलातील एक पिता

पॅरिस शहरात पवित्र त्रैक्याच्या नावाने उभारलेले एक भव्य चर्च आहे. त्याच्या समोरील चौकाला आणि तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकाला एका नौदल अधिकाऱ्याचे नाव दिलेले आहे. स्थानकाच्या पाटीवर तर त्रैक्याचा उल्लेख आणि या मनुष्याचे नाव शेजारी शेजारीच लिहिलेले असते. त्यांचे नाव ओनोरे देस्तिएन दोर्व. फ्रान्समध्ये ते सर्वपरिचित आहे. आपल्या कानी मात्र क्वचितच पडते.

त्यांचा जन्म ५ जून १९०१ रोजी पॅरिसच्या दक्षिणेकडील व्हेरिएर-ल-ब्यूइसाँ या गावी झाला. घराणे जुन्या वळणाचे, कॅथलिक श्रद्धेचे आणि राजनिष्ठ. आईचे माहेर व्हिल्मोरँ यांचे. बी-बियाण्यांच्या व्यापारासाठी हे कुटुंब प्रसिद्ध होते. १९२१ मध्ये एकोल पोलितेक्निक या नामांकित विद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला व १९२३ मध्ये ते नौदलात गेले. १९२९ मध्ये एलियान द लोर्झेरिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे या दांपत्याला पाच मुले झाली. नाविकाचा संसार म्हणजे बराचसा विरहाचाच संसार. पण त्यांचे चित्त सदैव घरी गुंतलेले असे.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ते ‘दुकेन’ या युद्धनौकेवर इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदरात होते. ३ जुलैला अल्जीरियाच्या किनाऱ्यावर मेर्स-एल-केबीर येथे ब्रिटिश तोफांनी फ्रेंच जहाजांवरच मारा केला. सुमारे १,३०० फ्रेंच नाविक प्राणांस मुकले. अशा वेळी ब्रिटिशांच्या बाजूने लढायला जाणे फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला किती जड गेले असेल, याची कल्पना करा. दोर्व यांनी तोच निर्णय घेतला. ‘शातोव्हिए’ हे टोपणनाव धारण करून ते काही साथीदारांसह निघाले आणि एडनमार्गे, आफ्रिकेला वळसा घालून, सप्टेंबरमध्ये लंडनला जनरल द गॉल यांच्याकडे पोहोचले. पत्नी व मुले मात्र फ्रान्समध्येच होती.

येथे तुमच्याप्रमाणे माझेही मन अडखळते. जो स्वकीयांची तरतूद करीत नाही त्याच्याविषयी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात किती कठोर शब्द आहेत! उलट लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पत्नी व मुले यांच्यासंबंधी प्रभू जे क्रियापद वापरतो, ते मराठीत ‘द्वेष करणे’ असेच उतरते, आणि तेथे भाषांतरकाराची लेखणी थबकते. मूळ इब्री वाक्प्रचाराचा आशय कमी प्रीती करणे, दुसरे स्थान देणे असा आहे, असे आम्ही तळटिपेत सांगतो. पण तळटीप लिहिणे सोपे आहे. आपल्या मुलांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाला ती जगावी लागते, तेव्हा काय होते हे मला दोर्व यांच्या चरित्रात दिसले. त्यांनी योग्य केले की अयोग्य, याचा निवाडा मी करणार नाही.

लंडनमध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुखपद त्यांना मिळाले होते. तेथेच ते सुरक्षित राहू शकले असते. तथापि डिसेंबर १९४० मध्ये ‘मारी-लुईज’ या मासेमारी नौकेतून ते स्वतः ब्रिटनीच्या किनाऱ्यावर प्लोगॉफ येथे उतरले. नांत शहरात एका दांपत्याच्या घरी त्यांचा बिनतारी संदेशयंत्रणेचा तळ होता. नाताळच्याच दिवशी तेथून लंडनशी पहिला संपर्क साधला गेला. यंत्र चालविणारा तरुण त्यांनी बरोबर आणला होता. त्यानेच सर्वांना शत्रूच्या हवाली केले. २२ जानेवारी १९४१ च्या पहाटेपूर्वी त्यांना अटक झाली.

बर्लिनला नेऊन पुन्हा पॅरिसच्या शेर्श-मिदी तुरुंगात त्यांना आणण्यात आले. मे महिन्यात जर्मन लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. सहकाऱ्यांचा भार हलका व्हावा म्हणून सर्व जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. नऊ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. न्यायाधीशांनाही या बंद्याविषयी एवढा आदर वाटला की खुद्द त्यांनीच दयेची शिफारस केली. तीन महिने अनिश्चिततेत गेले. त्या कोठडीत दोर्व काय करीत होते? आपल्या मुलांसाठी ते आठवणी लिहीत होते! वडील कोण होते, त्यांचे बालपण कसे गेले, हे मुलांना कळावे म्हणून. ज्या मुलांना यापुढे मांडीवर घेता येणार नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी कागदावर घर बांधले.

या काळात त्यांच्याजवळ येणारे धर्मगुरू फादर फ्रान्झ स्टॉक हे जर्मन होते. ज्या राष्ट्राचे सैनिक गोळ्या झाडणार, त्याच राष्ट्राच्या पुरोहिताच्या हातून त्यांनी संस्कार स्वीकारले. शेवटच्या पत्रात त्यांनी स्टॉक यांना कळविले की दोन्ही देशांना न्याय्य शांती लाभावी अशी आपली प्रार्थना आहे. आपला आत्मा आपण देवाच्या हाती सोपवीत आहोत आणि थोडासा त्यांच्याही हाती. बहिणीला लिहिताना त्यांनी आपल्या मृत्यूचा सूड कोणी घेऊ नये अशी विनंती केली.

२१ ऑगस्टला पॅरिसमध्ये एका जर्मन नौदल अधिकाऱ्याची हत्या झाली आणि दयेची आशा मावळली. २९ ऑगस्ट १९४१ रोजी मों-व्हालेरियां येथे मॉरिस बार्लिए व यान दोर्निक या सहकाऱ्यांसह दोर्व यांना गोळ्या घालण्यात आल्या. असे सांगतात, की त्याआधी ज्याने आपल्याला शिक्षा ठोठावली त्या न्यायाधीशाला त्यांनी आलिंगन दिले. ते चाळीस वर्षांचे होते. आपल्या जन्मगावी ते चिरनिद्रा घेत आहेत.

फादर स्टॉक यांनी मों-व्हालेरियांवर शेकडो बंद्यांना अखेरची सोबत केली आणि १९४८ मध्ये पॅरिसमध्येच देह ठेवला. त्या वधस्थळासमोरील चौकाला आज या जर्मन धर्मगुरूचे नाव आहे.