पकडायला गेले की पळणारी चूक

संगणकातील काही चुका शोधायला बसले की दिसेनाशा होतात. दिवसभर सुरळीत चाललेले यंत्र एकाएकी गोठते. पुन्हा सुरू केले की जणू काही झालेच नाही. मुळाशी बहुधा वेळेचा घोळ असतो. साठवणीचे उपकरण 'काम झाले' अशी वर्दी नेमकी नको त्या क्षणी देते. या चुकांची धास्ती फार आधी घेतली ती डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ साली ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर झाले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदीत हा व्यवसाय लिहून घ्यायला मात्र अधिकारी तयार झाले नाहीत!

त्याच सुमारास लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी 'एक्स-१' हा संगणक घडवत होते. मंद उपकरणांसाठी प्रोसेसरने ताटकळू नये, उपकरणाचे काम संपले की त्यानेच प्रोसेसरला मध्ये थांबवावे, अशी त्यांची कल्पना होती. डाइकस्ट्रा हबकले. तोवर तीच माहिती दिली की यंत्र त्याच क्रमाने तेच करी, म्हणून चूक पुन्हा घडवून पाहता येई. आता व्यत्यय कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकत होता. काही महिने त्यांनी होकार लांबवला. अखेर मान्य केले, आणि १९५९ची त्यांची पीएच.डी. याच व्यत्यय हाताळणीवर झाली.

धोका असा. प्रोग्रॅम पाहतो, माहिती आलेली नाही; म्हणून तो झोपायला निघतो. तेवढ्यात वर्दी येते. अजून कोणी झोपलेलेच नाही, म्हणून ती वाया जाते. मग प्रोग्रॅम झोपतो तो कायमचा. तपासासाठी दोन जादा आज्ञा घातल्या तरी वेळ सरकते आणि चूक लपते.

१९६२ मध्ये डाइकस्ट्रा आइंडहोवनला प्राध्यापक झाले. तेथे 'एक्स-८' संगणकासाठी त्यांच्या छोट्या चमूने 'टीएचई' ही कार्यप्रणाली रचली. ३२ हजार शब्दांची स्मृती, जोडीला पाच लाखांवर शब्दांचा फिरता चुंबकीय ड्रम. येथे त्यांचा 'सेमाफोर' कामी आला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले, रचना साधी: वर्दी आली की आकडा एकाने वाढतो. झोपण्याआधी आलेली वर्दीही मोजली जाते, हरवत नाही. प्रणाली थरांत बांधलेली होती. ड्रमची उठाठेव एका थरात कोंडली, वरच्यांना तिचा पत्ताही नसे. १९६८च्या शोधनिबंधानुसार चाचणीत फक्त किरकोळ चुका निघाल्या आणि प्रत्येक काही मिनिटांत सापडली.

लोक त्यांना ओळखतात ते सर्वात जवळचा रस्ता शोधण्याच्या रीतीमुळे. ती त्यांना एका कॅफेत वीसेक मिनिटांत सुचली होती. व्यत्ययाशी झुंज मात्र दशकभराची, आणि अधिक मोलाची.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये शिकवत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सेमाफोर आजच्या कार्यप्रणालींतही आहे. डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये अशी काळजी घ्यायची राहून गेली, तर यंत्र अजूनही तसेच, कधीतरीच, गोठते.