वाल्टर होमान : आकाशमार्गाचा गणिती

गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेच्या संगणक-वर्गात नववीच्या काही मुलींनी मला एक खेळ दाखविला. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हे त्याचे नाव. त्यात आपले रॉकेट आपणच जोडावयाचे, ते आपणच उडवावयाचे, आणि पृथ्वीसारख्या एका ग्रहाभोवती अडकून पडलेल्या अवकाशयात्र्यास सुखरूप परत आणावयाचे. तो बिचारा मुलींच्या यानाच्याच कक्षेत, थोडा पुढे फिरत होता. एकीने यानाचे तोंड त्याच्याकडे वळविले आणि इंजिन चालू केले. यान क्षणभर पुढे सरकले. मग वर चढले, मंदावले आणि काही वेळाने पहिल्यापेक्षाही मागे पडले. तिने पुन्हा रेटा दिला. यान आणखीच मागे राहिले. अखेर इंधन संपले. आता सोडविण्याजोगे दोघे झाले!

त्या गडबडीत मुलींच्या तोंडी एक नाव वारंवार येत होते. ‘होमानची वाट’ धरायला हवी होती, असे त्या एकमेकींना बजावीत होत्या. हे होमान कोण, असे मी विचारले, तेव्हा मात्र कोणासच सांगता येईना. म्हणून हे लहानसे चरित्र.

वाल्टर होमान यांचा जन्म १८ मार्च १८८० रोजी जर्मनीतील हार्डहाइम या लहानशा गावी झाला. वडील डॉक्टर होते. बालपणाची काही वर्षे दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे गेली. म्युनिक येथे स्थापत्याचे शिक्षण १९०४ मध्ये पुरे करून त्यांनी व्हिएन्ना, हानोफर, ब्रेस्लाऊ अशा शहरांतून नोकऱ्या केल्या आणि १९१२ मध्ये ते एसेन या शहरी आले. एसेन म्हणजे कोळसा आणि पोलाद यांचे गाव. तेथील नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ते अभियंता झाले. १९२० मध्ये आखेनच्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तीही काँक्रीटवरील प्रबंधाबद्दल. दिवसभर इमारती आणि बांधकामाचे साहित्य तपासणारा हा मनुष्य कचेरीबाहेरच्या वेळात ग्रहांचे मार्ग मांडीत बसे.

१९२५ मध्ये त्यांचे शंभराहून कमी पानांचे पुस्तक म्युनिक येथे प्रसिद्ध झाले. आकाशस्थ गोलांपर्यंत पोहोचणे शक्य आहे काय, हा त्याचा विषय. त्या वेळी द्रवरूप इंधनाचे एकही रॉकेट जगात उडालेले नव्हते. तसे पहिले रॉकेट अमेरिकेत रॉबर्ट गॉडार्ड यांनी पुढल्या वर्षी, १६ मार्च १९२६ रोजी उडविले आणि ते जेमतेम बारा-तेरा मीटर उंच गेले. मंगळाचा रस्ता मात्र होमान यांनी आधीच आखून ठेवला होता!

होमान यांची मुख्य चिंता इंधनाची होती. एका वर्तुळाकार कक्षेतून दुसऱ्या कक्षेत कमीत कमी इंधनात कसे जावे? त्यांचे उत्तर असे : दोन्ही वर्तुळांना स्पर्श करणारे एक लंबवर्तुळ कल्पावे. निघताना एक रेटा द्यावा, इंजिन बंद करावे, अर्धे लंबवर्तुळ नुसते वाहत जावे, आणि पोहोचताच दुसरा रेटा द्यावा. पृथ्वीपासून ३०० किलोमीटर उंचीवरून ४०० किलोमीटरवर जावयाचे तर प्रत्येक रेट्याने वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर वाढवावा लागतो. गंमत अशी, की दोन्ही रेटे पुढच्याच दिशेचे. तरीही वर पोहोचलेल्या यानाचा वेग पहिल्यापेक्षा सुमारे ५७ मीटरने कमीच भरतो. चढण्यातच तो खर्ची पडतो. आपल्या मुलीची फसगत झाली ती येथेच.

मग पुढच्यास गाठावे कसे? खाली राहून! ३०० किलोमीटरवरील यान साडेनव्वद मिनिटांत प्रदक्षिणा करते, ४०० किलोमीटरवरील यानास दोन मिनिटे अधिक लागतात. वरचा यात्री दहा मिनिटे पुढे असेल, तर खालच्याने सुमारे पाच प्रदक्षिणा धीर धरावा, आणि योग्य क्षणी होमानच्या वाटेने वर चढावे. होमान यांच्यासमोर प्रश्न ग्रहांचा होता, अडकलेल्या यात्र्यांचा नव्हे. परंतु गणित तेच. मंगळास जाण्यास सुमारे २५९ दिवस, आणि परतीची वाट जुळेपर्यंत तेथे सव्वा वर्ष मुक्काम, हा हिशेब त्यांनी बिनतक्रार मांडला. परतताना वातावरणात वारंवार शिरून वेग कमी करण्याची युक्तीही त्यांनी तपासून पाहिली.

हा धडा प्रत्यक्षातही शिकावा लागला. ३ जून १९६५ रोजी जेमिनी-४ यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे तोंड करून इंजिन चालविले, बरेच इंधन जाळले आणि नाद सोडला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी-६ने खालच्या कक्षेतून वर येऊन जेमिनी-७ला गाठले. दोन यानांतील अंतर फुटाभरावर आले होते. पुढे २०२२ च्या डिसेंबरात अवकाशस्थानकाला जोडलेल्या एका सोयुझ यानातील शीतक द्रव गळून गेला आणि तिघांचे परतीचे वाहन निकामी झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत एक रिकामे सोयुझ त्यांच्यासाठी वर जाऊन स्थानकास जोडले गेले, आणि २७ सप्टेंबरला तिघेही त्यातून पृथ्वीवर परतले. आपले मंगळयान २०१३ साली निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाशी पोहोचले, तेही होमान यांनी दाखविलेल्या धर्तीच्या काटकसरी वाटेनेच.

होमान यांच्या दृष्टीस यातले काहीच पडले नाही. महायुद्धात जर्मन सैन्याने रॉकेटांना बाँब बांधले. त्या कामात ते पडले नाहीत. तथापि युद्धाने त्यांना सोडले नाही. ११ मार्च १९४५ रोजी हजाराहून अधिक विमानांनी एसेनवर बाँबवर्षाव केला. त्याच दिवशी, पासष्टाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असता, त्या शहरातील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. चंद्रावरील एका विवरास आज त्यांचे नाव आहे, आणि एसेनमधील एका वेधशाळेसही.

मुलींनी दुसऱ्या शनिवारी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी यान खालच्या कक्षेत ठेवून, इंजिन बंद करून, त्या डबा खात बसल्या होत्या. घंटा होण्यापूर्वी दोघेही यात्री खाली आले.