रेडिओवरचा आवाज अटलांटिकपार पोहोचला, पण पुरावा द्यायच्या आधीच टॉवर कोसळला

5 डिसेंबर 1906. स्कॉटलंडच्या मॅक्रिहॅनिश गावात वादळ सुटलं आणि समुद्रकाठचा 420 फूट उंच पोलादी टॉवर आडवा झाला. त्याच्यासोबत एका माणसाचा सगळ्यात मोठा पुरावाही गेला.

त्या माणसाचं नाव रेजिनाल्ड फेसेंडेन.

जन्म 1866 चा, कॅनडातला. सुरुवातीला एडिसनच्या हाताखाली काम केलं. पुढे जगभर मार्कोनीचा गाजावाजा होता, पण त्याच्या बिनतारी यंत्रातून फक्त मोर्सचा कड्-कट्ट जायचा. फेसेंडेनला माणसाचा आवाज पाठवायचा होता. डिसेंबर 1900 मध्ये त्याने तो साधारण दीड किलोमीटर पाठवून दाखवलासुद्धा.

आता समुद्र ओलांडायचा होता. त्यासाठी दोन टॉवर उभे राहिले. एक अमेरिकेत ब्रँट रॉकला, दुसरा मॅक्रिहॅनिशला.

हे टॉवर नुसते तारा टांगायचे खांब नव्हते. अख्खा टॉवरच अँटेना होता. म्हणूनच त्याची रचना महत्त्वाची.

पहिली गोष्ट पायथा. लोखंड थेट जमिनीला टेकलं तर वीज मातीत उतरणार. म्हणून अख्खा टॉवर इन्सुलेटरवर उभा केला.

दुसरी गोष्ट ताणाच्या तारा. टॉवरला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या या तारा सलग असतील तर त्याच लहरी खातात. म्हणून मध्ये मध्ये इन्सुलेटर घालून त्यांचे तुकडे पाडले.

तिसरी गोष्ट उंची. टॉवर लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतका असला की काम सोपं होतं. पण फेसेंडेनच्या लहरी काही किलोमीटर लांबीच्या. म्हणजे टॉवर किलोमीटरभर तरी हवा आणि त्याच्याकडे होते जेमतेम 128 मीटर! आखूड टॉवरमध्ये बरीच ताकद उष्णतेत वाया जाते. यावर उपाय म्हणून शेंड्यापासून छत्रीच्या काड्यांसारख्या तारा खाली ओढल्या. त्यामुळे टॉवर विजेच्या दृष्टीने उंच झाला.

जुगाड जमला. जानेवारी 1906 मध्ये दोन्ही टॉवरमध्ये मोर्सचे संदेश ये-जा करू लागले.

मग नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडहून पत्र आलं. ब्रँट रॉकचे लोक जवळच्याच केंद्राशी बोलत होते, ते बोलणं अटलांटिकपार ऐकू आलं होतं! फेसेंडेनला पुन्हा चाचणी घेऊन हे पक्कं करायचं होतं. तेवढ्यात वादळ आलं. ताणाच्या तारांच्या जोडणीतच दोष होता, असं नंतर समोर आलं.

तो थांबला नाही. 21 डिसेंबरला ब्रँट रॉकहून 18 किलोमीटरवर आवाज पाठवून त्याने जाणकारांना दाखवला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याने व्हायोलिन वाजवून जहाजांना कार्यक्रम ऐकवला, असंही सांगतात. मात्र ही गोष्ट त्याच्या 1932 च्या पत्रातली आहे. जहाजांच्या नोंदींत ती सापडलेली नाही, म्हणून इतिहासकारांत वाद आहे.

पुढे भांडवलदारांशी बिनसलं आणि आयुष्याची बरीच वर्षं कोर्टकचेरीत गेली. 1928 मध्ये तडजोडीतून पैसे मिळाले. 22 जुलै 1932 रोजी बर्म्युडात तो वारला.

ब्रँट रॉकचा टॉवर आज नाही, पायथा मात्र अजून आहे. मीडियम वेव्ह केंद्रांचे टॉवर आजही इन्सुलेटरवर उभे राहतात आणि त्यांच्या ताणाच्या तारा आजही तुकड्यातुकड्यांच्या असतात.