सर्वांसाठी संगणक : जॉन केमेनी

आज गावोगावच्या शाळांतून संगणक दिसतो. मुले त्याच्यापुढे निःशंक मनाने बसतात व त्याच्याकडून कामे करवून घेतात. परंतु सुमारे सत्तर वर्षांपूर्वी संगणक नुसता पाहावयास मिळणे हीदेखील दुर्मीळ गोष्ट होती. त्या काळची ती अवजड यंत्रे मोठमोठ्या प्रयोगशाळांत व कचेऱ्यांत ठेवलेली असत. त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे मूठभर तज्ज्ञांनाच ठाऊक असे. ही मूठभरांची मिरास मोडून सामान्य विद्यार्थ्याला संगणकापुढे बसविण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत जॉन केमेनी या गणितज्ञाचे नाव अग्रभागी आहे.

जॉन केमेनी यांचा जन्म ३१ मे १९२६ रोजी हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तो काळ यूरोपातील ज्यू लोकांना मोठा कठीण होता. जर्मनीत हिटलरची सत्ता दृढ झाली होती आणि शेजारच्या हंगेरीतही ज्यूंच्या विरुद्ध कायदे होऊ लागले होते. येऊ घातलेले संकट ओळखून जॉनचे वडील १९३८ मध्ये एकटेच अमेरिकेस गेले. तेथे जम बसविल्यावर १९४० मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबास तिकडे नेले. परंतु आजोबा काही केल्या मायभूमी सोडावयास तयार झाले नाहीत. पुढे ज्यूंचा जो भीषण संहार झाला, त्यात ते आणि कुटुंबातील आणखी काही आप्त बळी पडले. वेळीच देश सोडल्यामुळे आपण वाचलो आणि मागे राहिलेली आपली माणसे गेली, हे दुःख जॉनच्या वाट्याला कोवळ्या वयातच आले.

न्यूयॉर्कच्या शाळेत दाखल झालेल्या या तेरा वर्षांच्या मुलाला सारेच नवे होते. देश नवा, माणसे नवी आणि शाळेत चालणारी इंग्रजी भाषाही परकी. पण जॉन खचला नाही. त्याने ती भाषा आत्मसात केली आणि १९४३ मध्ये वर्गात पहिल्या क्रमांकाने शालेय शिक्षण पुरे केले. त्यानंतर त्याने प्रिन्स्टन विद्यापीठात गणित व तत्त्वज्ञान या विषयांचा अभ्यास आरंभिला.

दुसरे महायुद्ध तेव्हा भरात होते. शिक्षण मध्येच थांबवून केमेनी यांना लॉस अ‍ॅलमॉस येथे जावे लागले. अणुबाँब तयार करण्याचे गुप्त कार्य तेथे चालू होते. रिचर्ड फाइनमन या तरुण शास्त्रज्ञाच्या हाताखाली केमेनी आकडेमोडीच्या कामावर रुजू झाले. सतरा हिशेबयंत्रे आठवड्यातील सहा दिवस अहोरात्र चालत आणि माणसे पाळीपाळीने त्यांत भोके पाडलेली कार्डे घालीत. एकेक गणित सुटण्यास आठवडेच्या आठवडे लागत. तेथेच केमेनी यांना जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाचे विचार ऐकावयास मिळाले. तेही मूळचे बुडापेस्टचेच. गणिताच्या सर्व आज्ञा आपल्या स्मृतीत साठवून त्या आपणच एकामागून एक पार पाडील, अशा यंत्राची कल्पना फॉन नॉयमन मांडीत असत. ती कल्पना केमेनी यांच्या मनात खोल रुजली.

युद्ध संपल्यावर केमेनी प्रिन्स्टनला परतले. संशोधन चालू असतानाच विश्वविख्यात शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे गणितातील साहाय्यक म्हणून काम करण्याचे भाग्य त्यांना लाभले. १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली आणि १९५३ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, ते अमेरिकेच्या ईशान्येकडील हॅनोव्हर गावच्या डार्टमथ महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. थोड्याच काळात विभागाची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. १९५६ मध्ये टॉमस कर्ट्झ हे दुसरे गणितज्ञ तेथे आले. या दोघांची मैत्री जन्मभर टिकली.

आरंभी डार्टमथमध्ये संगणक नव्हता. गणिताच्या आज्ञा कार्डांवर भोके पाडून उतरवावयाच्या, ती कार्डे पेटीत भरावयाची आणि आगगाडीने बॉस्टनकडे न्यावयाची, असा कर्ट्झ यांचा क्रम असे. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ आपल्या वरणगावहून मनमाडपर्यंत जावे तेवढे. एवढा प्रवास करून पोहोचल्यावर कार्डांत एखादी क्षुल्लक चूक निघाली, तर उत्तराऐवजी ती चूकच घेऊन परतावे लागे. अशा रीतीने विद्यार्थी संगणक कसा शिकणार?

केमेनी व कर्ट्झ यांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. पुढील काळात राज्यकारभार, उद्योग व विज्ञान या सर्वांत संगणकाचा शिरकाव होणार, हे त्यांनी ओळखले होते. मग त्याचे ज्ञान केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरते का असावे? डार्टमथमधील बहुसंख्य विद्यार्थी इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र यांसारखे विषय घेत. उद्याचे अधिकारी व कारभारी त्यांच्यातूनच निघणार होते. जे यंत्र आपल्याला कळत नाही, त्यावर नियंत्रण तरी कसे ठेवणार? म्हणून ग्रंथालयात जाऊन कोणीही कपाटातील पुस्तक काढून वाचावे, तितक्या मोकळेपणाने प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता आला पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला.

या मार्गात दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अशी की, संगणक एक आणि विद्यार्थी अनेक. तिच्यावरील उपाय समजण्यासाठी आपल्याकडील एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. गुरुजी एकच असतात, पण पहिलीला पाटीवर अक्षरे गिरवावयास देऊन ते दुसरीची उजळणी घेतात आणि तिसरीला गणित घालून चौथीचे वाचन ऐकतात. कोणताही वर्ग रिकामा बसत नाही. त्याचप्रमाणे संगणकाने प्रत्येकाच्या कामाला क्षणभर वेळ द्यावा व लगेच दुसऱ्याकडे वळावे, अशी ही योजना होती. यंत्राची गती इतकी विलक्षण की, तो आपलेच काम करीत आहे असे प्रत्येकास वाटे.

दुसरी अडचण भाषेची होती. त्या वेळच्या संगणकभाषा क्लिष्ट होत्या. एक स्वल्पविराम चुकला तरी सारे काम अडे. तेव्हा केमेनी व कर्ट्झ यांनी नवी भाषाच रचावयास घेतली. तिचे नाव बेसिक. तिच्यात आरंभी अवघ्या चौदा प्रकारच्या आज्ञा होत्या आणि त्या साध्या इंग्रजी शब्दांच्या होत्या. छापावयाचे असल्यास प्रिंट, अट घालावयाची असल्यास इफ, काम संपले की एन्ड. समजा, सतराचा पाढा हवा आहे. पहिल्या ओळीत एक ते दहा हे अंक क्रमाने घेण्यास सांगावयाचे, दुसऱ्या ओळीत त्या अंकाला सतराने गुणून उत्तर छापण्यास, तिसरीत पुढचा अंक घेण्यास आणि चौथीत थांबण्यास. चार ओळींत पाढा तयार! प्रत्येक ओळीला क्रमांक असे. तो बहुधा १०, २०, ३० असा देत. त्यामुळे एखादी ओळ विसरली, तर १५ क्रमांक देऊन ती मध्ये घालता येई.

हे काम केमेनी यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपविले नाही. पदवीचेही शिक्षण पुरे न झालेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी हाताशी घेतले. असे अवघड काम पोरे कशी पार पाडणार, अशी शंका काही जाणत्यांनी घेतली. परंतु फेब्रुवारी १९६४ मध्ये यंत्रे आली आणि विद्यार्थी रात्रंदिवस कामास लागले. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन दूरमुद्रकांवरून एकाच वेळी आज्ञा देण्यात आल्या आणि दोन्हींवर अचूक उत्तरे उमटली. विद्यार्थ्यांवर टाकलेला विश्वास सार्थ ठरला.

तेव्हापासून डार्टमथचा विद्यार्थी कोणाची अनुज्ञा न घेता व काहीही शुल्क न देता संगणकापुढे बसू लागला. टेलिफोनच्या तारांनी जवळपासच्या शाळाही या संगणकाला जोडण्यात आल्या. बेसिक भाषा कोणालाही वापरता यावी म्हणून तिच्या जनकांनी ती मुक्त ठेवली. १९७५ मध्ये बिल गेट्स व पॉल अ‍ॅलन या तरुणांनी ती अल्टेअर नावाच्या छोट्या संगणकासाठी तयार केली. स्वतः गेट्स शाळेत असताना दूरमुद्रकावर बेसिकच शिकले होते. १९७७ पासून घरगुती संगणक बाजारात आले आणि त्यांपैकी बहुतेकांत ही भाषा अंगभूतच असे. आपल्या देशात १९८४ मध्ये सुमारे अडीचशे शाळांतून संगणकशिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी आणलेले बीबीसी मायक्रो हे संगणकही बेसिकच बोलत.

या भाषेवर टीकाही झाली. गोटू या आज्ञेने कोणत्याही ओळीवरून कोणत्याही ओळीवर उडी मारता येई. त्यामुळे मुलांना विस्कळीत विचारांची सवय जडते, असा आक्षेप डायक्स्ट्रा या डच विद्वानाने घेतला. छोट्या संगणकांसाठी काटछाट केलेली बेसिकची रूपे स्वतः केमेनी व कर्ट्झ यांनाही रुचली नव्हती. टीकाकारांशी वाद घालीत न बसता १९८३ मध्ये त्यांनी भाषेचे सुधारलेले रूप तयार करण्याचे काम हाती घेतले.

१९७० मध्ये केमेनी डार्टमथचे अध्यक्ष झाले. संगणकाचे दार सर्वांना उघडले होते खरे, पण त्या महाविद्यालयाचे दार मात्र दोनशे वर्षे मुलींना बंद होते. केमेनी यांच्या कारकीर्दीत, १९७२ मध्ये, तेथे मुलींना प्रवेश मिळू लागला. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांना शिक्षण देण्याचे संस्थेचे विस्मृत व्रतही त्यांनी पुन्हा जागे केले. एवढा व्याप सांभाळतानाही त्यांनी वर्गात शिकविणे सोडले नाही.

मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात गंभीर अपघात झाला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी केमेनी यांना दिले. दोष केवळ यंत्राचा नसून ते चालविणाऱ्यांना पुरेसे शिक्षण न देणाऱ्या व्यवस्थेचाही आहे, असे आयोगाने स्पष्टपणे दाखवून दिले. यंत्र माणसाच्या हाती द्यावयाचे तर त्याचे ज्ञानही त्याला दिले पाहिजे, ही गोष्ट केमेनी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आधीच आचरणात आणीत आले होते.

१९८१ मध्ये अध्यक्षपद सोडून ते पुन्हा पूर्ववत शिक्षक झाले. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज नव्या भाषा पुढे आल्या आहेत आणि बेसिकचा वापर कमी झाला आहे. परंतु यंत्राने काय करावे हे आपण स्वतः लिहून पाहावे, चुकल्यास दुरुस्त करावे आणि पुन्हा करून पाहावे, ही शिकण्याची वाट लक्षावधी मुलांना त्या भाषेने दाखविली. परक्या भाषेच्या शाळेत एके काळी नवखा म्हणून बसलेल्या केमेनी यांनी पुढे जगातील नवख्यांसाठीच एक भाषा रचली, आणि ज्ञानाच्या दाराशी संकोचाने उभ्या असलेल्यांना आत बोलाविले.