पाणी उकळून प्या, हे त्या डॉक्टरनं १८५५ मध्येच सांगितलं होतं, पण लंडननं ऐकलं नाही

पावसाळा लागला की महापालिकेचं एक आवाहन ठरलेलं असतं. पाणी उकळून आणि गाळून प्या. मोबाईलवर मेसेज येतो, आपण वाचतो आणि पुढं सरकवतो.

पण घाण पाण्यातून रोग पसरतो, हेच बड्या बड्या डॉक्टरांना मान्य नव्हतं असाही एक काळ होता. तेव्हा एका माणसानं ते पुराव्यासकट मांडलं. स्वतःच्या खिशातले पैसे घालून पुस्तक छापलं. विकल्या गेल्या फक्त ५६ प्रती.

त्या माणसाचं नाव डॉ. जॉन स्नो.

जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. वडील कोळशाच्या वखारीत मजुरी करायचे. नऊ भावंडांत जॉन थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलमधल्या एका सर्जनच्या हाताखाली शिकायला पाठवलं.

१८३१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा कॉलरा आला. आपल्याकडं जिला पटकी म्हणायचे, तीच ही साथ. अठरा वर्षांच्या जॉनला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतल्या मजुरांवर उपचार करायला धाडण्यात आलं. मजूर दिवसभर जमिनीखाली असायचे. शौचाची सोय नाही, हात धुवायला पाणी नाही, जेवणही तिथंच. ही गोष्ट जॉनच्या डोक्यात घर करून बसली.

पुढं तो लंडनला गेला, डॉक्टर झाला आणि भूल देण्याच्या शास्त्रात त्यानं मोठं नाव कमावलं. इतकं की १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी डॉ. स्नो यांनाच बोलावण्यात आलं.

आता त्या काळी सगळ्यांची समजूत अशी होती की कॉलरा दुर्गंधीतून, दूषित हवेतून पसरतो. स्नो यांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा रोग आधी पोटात उतरतो, छातीत नाही. म्हणजे तो नाकातून नाही, तोंडातून आत जात असणार. १८४९ मध्ये त्यांनी यावर एक पुस्तिका काढली, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग आला १८५४ चा ऑगस्ट महिना.

३१ तारखेच्या रात्री लंडनच्या सोहो भागात कॉलरा फुटला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. स्नो जवळच राहायचे. ते घरोघर फिरले, मेलेल्यांचे पत्ते जमवले आणि पाणी कुठून भरत होता हे विचारलं. बहुतेक वाटा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडं जात होत्या.

जे वाचले, त्यांचीही चौकशी केली. पंपाशेजारच्या दारूभट्टीत सत्तरेक कामगार होते, त्यातलं कुणीच दगावलं नाही. ते बिअर प्यायचे आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, गेली फक्त ५. तिथंही स्वतःची विहीर. उलट काही मैल दूर हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्यानं वारली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते मुद्दाम मागवून घ्यायची.

७ सप्टेंबरला स्नो यांनी स्थानिक मंडळासमोर हे सगळं मांडलं. ८ तारखेला पंपाचा दांडा काढण्यात आला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दांडा काढला तोवर साथ ओसरायला लागली होती, लोक घरं सोडून पळाले होते. हे स्नो यांनीही मान्य केलं. पण नंतर त्या भागातले धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी साथीचं मूळ शोधलं. पंपाला लागून असलेल्या घरात एक तान्हं बाळ आजारी होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या शोषखड्ड्यात टाकलं जायचं, तो विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता आणि झिरपत होता. दांडा निघाला त्याच दिवशी बाळाच्या वडिलांना कॉलरा झाला. पंप चालू राहिला असता, तर साथ पुन्हा उसळायची भीती होती.

स्नो एवढ्यावर थांबले नाहीत. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक थेम्स नदीचं सांडपाणी मिसळलेलं पाणी द्यायची, दुसरी शहराच्या वरच्या अंगाचं. स्नो यांनी घराघरांचा हिशोब मांडला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिलीच्या दर १० हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७.

हे सगळं १८५५ च्या पुस्तकात आलं. उपायही त्यात होता. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळू देऊ नका, आणि खात्रीचं पाणी मिळत नसेल तर ते चांगलं उकळा, जमल्यास गाळूनही घ्या. पुस्तकाला दोनशे पौंडांहून जास्त खर्च आला, हाती परत चार पौंडसुद्धा आले नाहीत. अधिकाऱ्यांनी सिद्धांत नाकारला. साथ सरल्यावर पंपाला दांडाही परत बसला.

१६ जून १८५८ ला पक्षाघातानं स्नो गेले. वय अवघं ४५.

आठ वर्षांनी, १८६६ मध्ये, पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्यानं हजारो बळी घेतले. मृत्यूंची सरकारी आकडेवारी ठेवणारे विल्यम फार एकेकाळी दूषित हवेच्या बाजूचे होते. आता त्यांनी आकडे तपासले आणि बोट थेट पाणी कंपनीकडं गेलं. न उकळलेलं पाणी पिऊ नका, अशा सूचना तेव्हा निघाल्या. स्नो यांनी अकरा वर्षांपूर्वी छापलेलाच हा उपाय.

कॉलऱ्याचा जंतू कोच यांनी १८८४ मध्ये जगापुढं ठामपणे मांडला. स्नो यांच्याकडं तो पुरावा नव्हता, होती फक्त पत्त्यांची यादी.

आणि त्या विधवा बाईची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिनं मागवलेलं पाणी चवीला चांगलं होतं. पाणी स्वच्छ दिसतंय, गोड लागतंय, यावरून ते सुरक्षित आहे हे कळत नाही. म्हणून सूचना आली की नुसतं गाळून भागत नाही. खळखळून उकळी येऊ द्यायची, मिनिटभर तशीच ठेवायची, मग झाकून गार करायचं.