वाल्देमार हाफकिन

पटकीची साथ आली म्हणजे एके काळी गावेच्या गावे ओस पडत. सकाळी आजारी पडलेला मनुष्य सायंकाळ पाहीलच अशी शाश्वती नसे. दूषित पाण्यावाटे पोटात जाणारा सूक्ष्म जंतू हे या रोगाचे मूळ होय. रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली तो कलकत्त्यातील तळ्याच्या पाण्यातही सापडला. त्या जंतूपासूनच माणसाला टोचण्याजोगी लस सिद्ध करण्याचे काम वाल्देमार हाफकिन यांनी हाती घेतले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते. त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रथम मिळाले ते काम ग्रंथपालाच्या मदतनिसाचे! उरलेल्या वेळात त्यांनी प्रयोगशाळा जवळ केली आणि १८ जुलै १८९२ रोजी आपली लस सर्वांआधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. परक्या साहेबाची सुई कोण टोचून घेणार? पुढल्या वर्षी कट्टल बागान या तळ्याकाठच्या गरीब वस्तीत पटकी शिरली, तेव्हा ११६ जण पुढे झाले. त्यानंतर तेथे जे आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. मग मात्र लोक आपण होऊन येऊ लागले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. तेथेही हाफकिन यांनी लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतः घेतली. परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. एवढी गोष्ट मान्य व्हावयास पाच वर्षे का लागावीत, हे आम्हांस आजही उलगडत नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कोठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

ते पुन्हा कलकत्त्यास आले खरे, पण लोकांत जाऊन लस टोचण्याचे काम त्यांच्याकडे परत आले नाही. १९२५ साली परळच्या त्याच प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.