बेस्टच्या डेपोत नोंदी लिहिणारा निर्वासित पोरगा ‘मदर इंडिया’चा बिरजू कसा झाला?

१९५० च्या दशकाची सुरुवात. मुंबईत बेस्टच्या डेपोत एक उंचापुरा पंजाबी पोरगा ड्युटीवर यायचा. डेपोत येणाऱ्या गाड्यांच्या नोंदी ठेवणं हे त्याचं काम. सकाळी कॉलेज, दुपारनंतर डेपो आणि खोलीवर परत जाईपर्यंत रात्र झालेली. त्याचं नाव बलराज दत्त.

पुढे काही वर्षांतच हा पोरगा देशभरातल्या थिएटरच्या पडद्यावर झळकला आणि लोक त्याला सुनील दत्त म्हणून ओळखायला लागले.

आज सुनील दत्त म्हटलं की कुणाला ‘पडोसन’मधला भोळा आठवतो, तर कुणाला ‘मुन्नाभाई’चे बाबूजी. पण डेपो ते पडदा हा प्रवास कसा झाला, हे फारसं सांगितलं जात नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, आत्ताच्या पाकिस्तानातल्या एका खेड्यात.

घर सुटलं ते कायमचं

६ जून १९२९ रोजी झेलम जिल्ह्यातल्या खुर्द नावाच्या गावात बलराजचा जन्म झाला. घरची शेती होती आणि गावात मान होता. पण बलराज पाच वर्षांचा असतानाच वडील गेले. आई कुलवंतीदेवींनी बलराज, त्याचा भाऊ आणि बहीण अशा तिघांना वाढवलं.

१९४७ ला फाळणी झाली तेव्हा बलराज अठरा वर्षांचा होता. पंजाबात दोन्ही बाजूंनी कत्तली सुरू होत्या. शेजारी शेजाऱ्यावर उठला होता. अशा वेळी दत्त कुटुंबाला वाचवलं ते वडिलांच्या एका मुस्लिम मित्राने. त्याने त्यांना आसरा दिला, म्हणून हे लोक जिवंत भारतात पोहोचू शकले. ही गोष्ट सुनील दत्त आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचं पुढचं आयुष्य समजून घ्यायचं तर ती लक्षात ठेवावी लागते.

घर गेलं, जमीन गेली. यमुनेच्या काठावर, आजच्या हरियाणातल्या मंडौली गावात कुटुंबाने नव्याने बस्तान बसवलं. बलराज काही काळ लखनौला राहिला आणि नंतर शिक्षणासाठी त्याने मुंबई गाठली.

निर्वासितांचं कॉलेज आणि बेस्टची नोकरी

मुंबईत त्याने प्रवेश घेतला तो चर्चगेटच्या जय हिंद कॉलेजमध्ये. या कॉलेजची स्वतःची गोष्टही बलराजसारखीच आहे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी १९४८ मध्ये ते सुरू केलं होतं. म्हणजे शिकणारा निर्वासित आणि शिकवणारेही निर्वासित.

पण फी भरायची तर पैसे हवेत, गावी आई आणि भावंडं आहेत. म्हणून त्याने बेस्टची नोकरी धरली. पगार जेमतेम होता, पण दर महिन्याला मिळायचा. सगळं गमावून आलेल्या घरातल्या पोराला त्या ‘दर महिन्याला’ची किंमत कळत होती.

गंमत म्हणजे त्याच काळात बेस्टमधून आणखी एक जण सिनेमात गेला. बद्रुद्दीन काझी नावाचा बसकंडक्टर. बसमध्ये नकला करून प्रवाशांना हसवणारा हा माणूस पुढे जॉनी वॉकर झाला.

दुसऱ्यांना बोलतं करणारा आवाज

बलराज दिसायला देखणा होताच, पण त्याचं पहिलं भांडवल होतं आवाज. उर्दू चांगली होती, बोलणं ऐटदार होतं. त्या जोरावर त्याला रेडिओचं काम मिळालं, तेही रेडिओ सिलोनचं.

हा काळ समजून घ्यायला हवा. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे गृहस्थ देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर चाहते. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची, त्यामुळे आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मग भारतातल्या श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि लावलं रेडिओ सिलोन. जाहिरातदार कंपन्यांनीही तिकडेच पैसा ओतला. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचे, टेप कोलंबोला जायच्या आणि तिथून ते भारतभर ऐकू यायचे.

अशाच एका कार्यक्रमात बलराज सिनेमातल्या बड्या लोकांच्या मुलाखती घ्यायला लागला. डेपोत वहीवर मान घालून बसणारा पोरगा आता स्टारच्या समोर माईक घेऊन बसू लागला.

एकदा समोर नर्गिस आली. तेव्हा ती देशातली सगळ्यात मोठी हिरॉइन होती. इतरांना बोलतं करणाऱ्या बलराजची तिच्यासमोर बोबडीच वळली. त्याला धड बोलता येईना आणि शेवटी ती मुलाखत रद्द करावी लागली. पुढे आपलं या बाईशी लग्न होणार आहे, असं तेव्हा कुणी त्याला सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं.

मुलाखत घ्यायला गेला आणि हिरो झाला

१९५३ मध्ये दिग्दर्शक रमेश सैगल यांचा ‘शिकस्त’ आला. त्यात दिलीपकुमार आणि नलिनी जयवंत होते. या सिनेमाच्या सेटवर बलराज दिलीपकुमारांची मुलाखत घ्यायला गेला होता. सैगल यांची नजर त्याच्यावर पडली. चेहरा, उंची, आवाज, सगळंच त्यांना आवडलं आणि त्यांनी सिनेमात काम करण्याबद्दल विचारलं.

इथे दुसरा कुणी असता तर कॉलेज, नोकरी सगळं सोडून धावला असता. बलराजने मात्र आधी पदवी पूर्ण करणार असं सांगितलं. पदवी असली की पुन्हा एखादी नोकरी तरी मिळेल, हा निर्वासित घरातला हिशोब त्यामागे होता. सैगलही थांबले.

आता अडचण नावाची. बलराज साहनी आधीपासून सिनेमात होते, एकाच वेळी दोन बलराज कसे चालणार? म्हणून बलराज दत्तचा सुनील दत्त झाला.

१९५५ मध्ये पहिला सिनेमा आला, ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’. पुरामुळे गाडी एका छोट्या स्टेशनवर अडकते आणि प्रवाशांचे खरे चेहरे बाहेर यायला लागतात, अशी गोष्ट. यात सुनील दत्तसोबत जॉनी वॉकरही होता. म्हणजे बेस्टचे दोन माजी कर्मचारी एकाच सिनेमात!

बिरजू आणि ती आग

खरा धमाका झाला तो १९५७ मध्ये. मेहबूब खान ‘मदर इंडिया’ बनवत होते. आईच्या हातून मरणाऱ्या बंडखोर बिरजूच्या भूमिकेसाठी त्यांनी हॉलिवूड गाजवलेल्या साबूपासून बऱ्याच जणांचा विचार केला होता. अखेर कॉमेडियन मुक्री यांनी सुनील दत्तची गाठ घालून दिली आणि बिरजू सापडला.

आईच्या भूमिकेत होती नर्गिस. तिचा जन्म १ जून १९२९ चा आणि सुनीलचा ६ जून १९२९ चा. पडद्यावरच्या मायलेकांच्या वयात फरक होता फक्त पाच दिवसांचा.

मार्च १९५७ मध्ये गुजरातमध्ये सुरतजवळ आगीचा प्रसंग चित्रित होत होता. गवताच्या गंजी पेटवल्या होत्या. वारा फिरला, आग हाताबाहेर गेली आणि नर्गिस आत अडकली. सुनील दत्तने आगीत उडी घेतली आणि तिला बाहेर काढलं. यात तो स्वतः चांगलाच भाजला. तो अंथरुणाला खिळलेला असताना नर्गिसने त्याची शुश्रूषा केली. जिच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नव्हता, तिच्याशी आता मनमोकळं बोलणं व्हायला लागलं.

ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ आला. ऑस्करसाठी भारताने पाठवलेला तो पहिला सिनेमा आणि त्याला नामांकनही मिळालं. ११ मार्च १९५८ ला सुनील दत्त आणि नर्गिस यांचं लग्न झालं.

स्टार झाला, पण सोपे रोल घेतले नाहीत

यानंतर तो नेहमीच्या छापाचा रोमँटिक हिरो म्हणून निवांत राहू शकला असता. पण त्याच्या भूमिका बघा. ‘साधना’मध्ये कोठ्यावरच्या बाईशी लग्न करणारा प्राध्यापक. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलीवर प्रेम करणारा तरुण. ‘मुझे जीने दो’मध्ये चंबळचा डाकू, ज्यासाठी फिल्मफेअर मिळालं. १९६५ च्या ‘खानदान’साठी ते दुसऱ्यांदा मिळालं.

१९६४ मध्ये त्याने ‘यादें’ काढला. अख्ख्या सिनेमात पडद्यावर एकटा तोच. आणि १९६८ मध्ये ‘पडोसन’मध्ये त्याने स्वतःला पूर्ण येडा करून घेतलं. ज्याचा आवाज हेच पहिलं भांडवल, तो इथे बेसूर गाणारा भोळा झाला होता.

सगळे डाव जमले असं नाही. १९७१ चा ‘रेश्मा और शेरा’ त्याने जीव ओतून बनवला. अमिताभ बच्चनला त्यात मुक्या पोराचा रोल होता. सिनेमाचं कौतुक झालं, पण तिकीटबारीवर तो आपटला आणि सुनील दत्त कर्जात बुडाले. आयुष्यात दुसऱ्यांदा शून्यापासून सुरुवात करावी लागली.

३ मे १९८१ ला नर्गिस कॅन्सरने गेली. पाचच दिवसांनी मुलगा संजयचा पहिला सिनेमा ‘रॉकी’ रिलीज झाला.

उपकाराची परतफेड

१९८४ मध्ये सुनील दत्त मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले, तेही राम जेठमलानींना हरवून. पुढे ते एकूण पाच वेळा खासदार झाले. १९८७ मध्ये पंजाब दहशतवादाने होरपळत असताना त्यांनी मुंबई ते अमृतसर अशी सुमारे दोन हजार किलोमीटरची पदयात्रा काढली. सोबत मुलगी प्रिया होती.

मग आलं १९९२-९३. मुंबईत दंगली पेटल्या. ज्या शहराने आपल्याला छप्पर दिलं, तिथेच लोक घर सोडून पळताना त्यांनी बघितले. ते मदतीला उतरले. मुस्लिम वस्त्यांत मदत पोहोचवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. दंगलींच्या निषेधार्थ त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला.

पण १९४७ साली कुणाच्या तरी घरात आसरा मिळाला म्हणून जिवंत राहिलेल्या माणसाकडून दुसरी कुठली अपेक्षा करणार?

त्याच वर्षी संजय दत्तला अटक झाली आणि बापाच्या वाट्याला कोर्ट आणि जेलच्या फेऱ्या आल्या. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये बापलेक एकत्र दिसले आणि त्यातली मिठी बघून थिएटरमध्ये लोकांचे डोळे ओले झाले.

उतारवयात सुनील दत्त पाकिस्तानात आपल्या खुर्द गावीही जाऊन आले. गावकऱ्यांनी त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.

२५ मे २००५ रोजी वांद्र्याच्या घरी त्यांचं निधन झालं. तेव्हा ते केंद्रात युवक कल्याण आणि क्रीडा मंत्री होते. ज्या मुंबईत ते निर्वासित म्हणून आले, जिथे बेस्टच्या डेपोत नोंदी लिहून कॉलेज केलं, त्याच मुंबईने वर्षभरापूर्वीच त्यांना पाचव्यांदा लोकसभेवर पाठवलं होतं.